साष्टीच्या डोंगरात खरंच तपस्वी राहत होते का?

बोरिवलीच्या किंवा ठाण्याच्या माणसाला ‘तुम्ही बेटावर राहता’ असं म्हटलं तर तो हसेल. पण नकाशा उघडून बघा. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. चारी बाजूंनी पाणी असलेल्या या जमिनीचं नाव साष्टी. सहासष्ट गावांचं बेट म्हणून षट्षष्टी, त्याची बोलताना साष्टी झाली. पूल आणि भराव इतके झालेत की आता बेटपण जाणवत नाही, एवढंच.

या बेटाच्या मधोमध जंगल आहे, जंगलात डोंगर आहे आणि डोंगरात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत. ती बघून परतणाऱ्याला हमखास काहीतरी ऐकायला मिळतं. ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. इथून एक भुयार थेट गुजरातेतल्या खंबायतला निघतं. इथे दीडशे वर्षांचा जोगी राहत होता. एका राजाने आपल्या मुलाला जगाचं दुःख दिसू नये म्हणून या डोंगरात महाल बांधला, पण मुलगा शेवटी संन्यासी झालाच.

यातलं खरं किती? थोडक्यात सांगायचं तर, या डोंगरात माणसं राहिली, तीही हजार वर्षांहून जास्त काळ. पण दंतकथेतला तपस्वी एकटा असतो. झाडाखाली बसलेला, कंदमुळं खाणारा, कुणाचं देणंघेणं नसलेला. दगडात कोरलेली कान्हेरी मात्र गर्दीची आहे. तिथे ठेवी आहेत, शेतं आहेत, पाण्याचा हिशेब आहे. या दोन चित्रांत अंतर का पडलं, ते समजलं की चारही दंतकथांचा उलगडा होतो.

आधी तीन शब्द

लेणं म्हणजे डोंगर कोरून केलेली जागा. नैसर्गिक गुहेत आणि लेण्यात फरक आहे: गुहा सापडते, लेणं करावं लागतं. भिक्षूंनी राहायचं लेणं म्हणजे विहार. पूजेचं, मागे स्तूप असलेलं लांबट दालन म्हणजे चैत्य. कान्हेरीत विहार खूप आणि चैत्य मोजके. म्हणजे ही मुळात वस्ती होती, मंदिर नव्हे.

जागेचं जुनं नाव कृष्णगिरी, लेखांतल्या प्राकृतात कण्हगिरी. काळा डोंगर. कान्हेरी हा त्याचाच अपभ्रंश.

बौद्ध भिक्षू सुरुवातीला फिरतेच असत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका जागी राहायचा नियम होता, त्याला वर्षावास म्हणतात. कारण व्यवहारी होतं: वाटा बंद, नद्यांना पूर, आणि चालताना कोवळी रोपं, किडेमुंग्या पायाखाली येतात. कोकणातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगायला नको. तीन महिन्यांचा निवारा म्हणून डोंगराकडे वळलेले लोक पुढे तिथेच राहू लागले. हा बदल कसा झाला, ते पाण्यावरून कळतं.

डोंगरावर राहायचं तर पाणी कुठून आणायचं?

मुंबईच्या परिसरात वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. कातळ पाणी धरत नाही. ओढा दिवाळीनंतर आटत जातो. तपस्वी कितीही विरक्त असला तरी मार्चमध्ये त्याला तहान लागणारच.

कान्हेरीचं उत्तर म्हणजे पोढी. पोढी म्हणजे कातळात कोरलेलं पिण्याच्या पाण्याचं टाकं. शिलालेखांत ‘पानियपोढी’ असा शब्द येतो आणि लेण्यांचे अभ्यासक, डोंगर भटकणारे आजही पोढीच म्हणतात. लेणं दान केलं की बरोबर पोढीही दान केली, असं लेखांत पुन्हा पुन्हा सांगितलंय. घर आणि नळजोडणी एकत्रच.

गणित करून बघू. लेण्याच्या वरचा उतरता कातळ म्हणजे आपली गच्ची समजा. १०० चौरस मीटर कातळावर २.२ मीटर पाऊस म्हणजे २२० घनमीटर, अर्थात २ लाख २० हजार लिटर. त्यातलं बरंचसं वाहून गेलं, तरी एक टाकं सहज भरतं. आता ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल टाकं घ्या. १२ घनमीटर, १२ हजार लिटर. माणसाला पिण्याला, तोंड धुवायला, भांडं विसळायला दिवसाला १० लिटर धरले तर आठ महिन्यांचे, म्हणजे २४० दिवसांचे, २,४०० लिटर होतात. एक टाकं पाच माणसांना पुरलं. भिक्षू शिजवून खात नसत, भिक्षेवर राहत, त्यामुळे स्वयंपाकाचं पाणी जवळपास वजा.

पण कागदावर टाकं भरणं सोपं असतं. प्रत्यक्षात ते चार कारणांनी बिघडतं आणि कान्हेरीत प्रत्येक कारणाला केलेला उपाय दगडात दिसतो.

पहिलं कारण ऊन. उघड्या पाण्यातून कोकणच्या कोरड्या महिन्यांत दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जातं. २४० दिवसांत हे मीटरभर होतं. दोन मीटर खोल टाक्यातलं निम्मं पाणी उन्हानेच प्यायलं की! म्हणून पोढीचं तोंड लहान आणि पोट मोठं. वरून चौकोनी खड्डा दिसतो, आत मात्र टाकं लेण्याच्या जमिनीखाली शिरलेलं असतं, घागरीसारखं. काही तोंडांभोवती झाकण बसेल अशी खाच आहे. त्याच झाकणाने दुसरा प्रश्नही सुटतो: उजेड नाही म्हणून शेवाळ कमी.

तिसरं कारण गाळ. पहिल्या सरीबरोबर माती, पालापाचोळा, पक्ष्यांची घाण येते. म्हणून लेण्याच्या कपाळावर आणि बाजूला पन्हळी कोरल्यात. त्यातून हवं ते पाणी टाक्याकडे वळवायचं, नको ते बाहेर सोडायचं. तरीही गाळ साचणारच. टाकं उपसून खरवडावं लागतं, आणि ते उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी तळाला गेल्यावरच करता येतं. हे एकट्या माणसाचं काम नव्हे.

चौथं कारण सर्वांत वाईट: भेग. ज्वालामुखीच्या खडकात थरांच्या जोडावर चिरा असतात. टाकं खोदताना चीर लागली की ते पाणी धरत नाही आणि मेहनत वाया जाते. म्हणून टाकी सलग कातळात, एकसंध थर बघून घेतलेली दिसतात.

काही वर्षांपूर्वी याच जंगलात सात छोटी लेणी नोंदवली गेली. त्यांना पाण्याची टाकी नाहीत. अभ्यासकांनी त्यावरून काढलेला अर्थ साधा आणि पटणारा आहे: ही फक्त पावसाळ्यापुरती वापरली जात असावीत, आणि म्हणून कदाचित जुनी. टाकं नसेल तर पाहुणा, टाकं असेल तर रहिवासी. कान्हेरीच्या बहुतेक लेण्यांना टाकं आहे.

पाणी झालं. खर्च कोण करायचा?

दंतकथेतल्या साधूला खर्च नसतो. खऱ्या विहाराला असतो. एक साधी खोली घ्या, ३ मीटर बाय ३ मीटर, उंची सव्वादोन मीटर. २० घनमीटर दगड फोडून बाहेर काढायचा, म्हणजे ५० टनांच्या आसपास. छिन्नी-हातोड्याने, टोपल्या भरभरून. पाथरवटांना मजुरी, छिन्नीला लोहार, वर दर वर्षी चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं.

कान्हेरीच्या लेखांत दाते आपापली ओळख सांगतात: व्यापारी, सोनार, लोहार, संन्यासिनी, गृहिणी. गावंही सांगतात: कल्याण, सोपारा, चेऊल, नाशिक. ही सगळी बंदरं किंवा बंदराकडे येणाऱ्या वाटेवरची ठिकाणं आहेत. कल्याणहून खाडीने उतरलं की साष्टी समोरच. जगापासून पळून गेलेल्या माणसाने व्यापाराच्या हमरस्त्यावर घर का केलं, या कोड्याचं उत्तर इथेच आहे. भिक्षा मिळायला वस्ती लागते, आणि ध्यानाला वस्तीपासून थोडं लांब लागतं. सकाळी चालत जाऊन, भिक्षा घेऊन, दुपारच्या आत परतता येईल एवढंच लांब.

पैसे एकदा देऊन भागत नाही, दर वर्षी लागतात. त्यावरचा उपाय आजच्या मराठी घराला नीट माहीत आहे: एफडी. त्या काळी तिला अक्षयनीवी म्हणत. मुद्दल मोडायची नाही, व्याजावर खर्च चालवायचा. बँक म्हणजे कारागिरांची श्रेणी, आजच्या भाषेत त्या-त्या धंद्याची संघटना. या व्यवहाराचा सर्वांत स्वच्छ हिशेब नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाने, कोरून ठेवलाय. २,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, विणकरांच्या श्रेणीकडे ठेवली. व्याज महिना शेकडा १. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. आणि लेख सांगतो की त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यायचे. वीस बारे दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही.

कान्हेरीच्या लेखांतही अशा अक्षयनीवी आहेत. तिथे चीवरासाठी १६ कार्षापणांचा आकडा येतो. एका लेखात मंगलठाण गावातलं शेत दिल्याची नोंद आहे. हे मंगलठाण म्हणजे आजचं बोरिवलीजवळचं मागाठाणे. मेट्रोच्या दारावर जे नाव पुकारलं जातं, तिथल्या शेताच्या उत्पन्नावर एकेकाळी डोंगरातल्या भिक्षूंचं चालत होतं.

नवव्या शतकातही ही पद्धत चालू होती. शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३च्या सुमाराला कोकणात शिलाहार राज्य करत होते. त्यांच्या एका वृद्ध अमात्याने कान्हेरीला द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, दिली. वाटणी अशी: बुद्धपूजेला २०, चीवरांना ५, डागडुजीला ३, पुस्तकांना १. पुस्तकांची तरतूद तेव्हाही तळालाच होती, हे वाचून आजच्या ग्रंथपालाला बरं वाटेल की वाईट, कोण जाणे. त्यानंतर दहाएक वर्षांनी गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने १०० द्रम्म देऊन ध्यानासाठी खोल्या करवल्या.

म्हणजे एकांत होता. पण तो बांधून घेतलेला एकांत होता, त्याला देणगीदार होते आणि देखभालीचा निधी होता.

मग राजपुत्राची गोष्ट कुठून आली?

साष्टी १५३४ साली वसईबरोबर पोर्तुगीजांकडे गेली. त्यांचा इतिहासकार दियोगु दो कोउतु गोव्यात राहत होता, तिथल्या सरकारी दफ्तराचा तो रखवालदार. त्याच्या बखरीचे या संदर्भातले भाग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छापून आले. त्यात कान्हेरीची ही कथा आहे. स्थानिक लोक सांगत की एका राजाला मुलगा झाला, ज्योतिष्यांनी सांगितलं की हा मोठा साधू होणार, म्हणून बापाने त्याला जगाचं दुःख दिसू नये असा महाल इथे करवला. पुढे मुलाने जग पाहिलं आणि सगळं सोडलं.

गौतम बुद्धाचं चरित्र माहीत असलेल्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. पण कोउतुला तीत दुसराच माणूस दिसला: संत जोसाफात.

जोसाफात हा युरोपातल्या ख्रिस्ती लोकांचा लाडका संत. हिंदुस्थानातल्या राजाचा मुलगा. बापाने महालात कोंडून वाढवलेला. बाहेर पडल्यावर आजार, म्हातारपण पाहून हादरलेला. बार्लाम नावाचा तपस्वी रत्नांच्या व्यापाऱ्याच्या वेशात येऊन त्याला धर्म सांगतो आणि शेवटी राजपुत्र राज्य टाकून त्या तपस्व्याच्या शोधात रानात जातो. रोमच्या अधिकृत संतसूचीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस होता. त्याचं म्हणून एक हाडही होतं. १५७१ साली व्हेनिसच्या प्रमुखाने ते पोर्तुगालचा राजा सेबास्तियांव याला भेट दिलं.

आणि हा जोसाफात दुसरा तिसरा कुणी नसून बुद्धच आहे.

हे कसं झालं, ते नावावरूनच उमजतं. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द इराणी भाषांतून अरबीत गेला तेव्हा त्याचा ‘बुदासफ’ झाला. अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीला येणारे ब आणि य यांचा आकार एकच असतो. खाली एक टिंब असेल तर ब, दोन असतील तर य. नकलकाराच्या हातून एक टिंब वाढलं आणि बुदासफचा ‘युदासफ’ झाला. आपल्याकडे घ आणि ध यांत गफलत होते तसंच. घारची धार झाली तर आकाशातला पक्षी सुरीवर येतो. इथे तर पुढे प्रत्येक भाषेने तीच चूक इमानाने पुढे नेली. जॉर्जियन भाषेत इओदासफ, ग्रीकमध्ये योआसफ, लॅटिनमध्ये जोसाफात. जॉर्जियन अनुवादात गोष्ट ख्रिस्ती झाली, इ. स. १०००च्या सुमाराला ग्रीकमध्ये आली, १०४८ साली लॅटिनमध्ये, आणि मग सगळ्या युरोपभर.

कोउतुची हुशारी अशी की त्याला साम्य दिसलं आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. ज्याला हिंदुस्थानातले लोक ‘बुदांव’ म्हणतात, तो आणि जोसाफात एकच असू शकतात, असं तो म्हणतो. फक्त दिशा त्याने उलटी धरली. त्याच्या मते मूळ संत जोसाफात, आणि बुद्ध म्हणजे त्याचीच आठवण. दिशा सुलटी करायला १८५९-६० साल उजाडावं लागलं. तेव्हा फ्रान्समध्ये लाबुले आणि जर्मनीत लीब्रेख्त या अभ्यासकांनी दोन्ही चरित्रं शेजारी ठेवून मूळ बुद्धाचं असल्याचं दाखवून दिलं.

विचार करा, एक गोष्ट या देशातून खुष्कीच्या वाटेने निघाली, पाच-सहा भाषांतून गेली, धर्म बदलला, आणि हजारएक वर्षांनी गलबतात बसून साष्टीच्या किनाऱ्याला लागली. उतरून बघते तर काय, समोर तिच्याच मूळ नायकाच्या शिष्यांचं रिकामं घर!

“पण गोष्ट गावकऱ्यांनीच सांगितली होती ना? म्हणजे आठवण शिल्लक होती.”

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ नाही.

शक्यता दोन. एक, भिक्षू गेले तरी बुद्धाची गोष्ट साष्टीच्या गावांत तोंडोतोंडी टिकून होती. दुसरी, पोर्तुगीज पाद्री या बेटावर साठ-सत्तर वर्षं प्रवचनं देत होते, त्यात जोसाफातची कथा येत होती. ती ऐकलेल्या कुणी तरी ती डोंगरातल्या ओसाड घरांना चिकटवली आणि मग विचारणाऱ्या पोर्तुगिजाला त्याचीच गोष्ट परत सांगितली. आजही मोठ्या साहेबाने खेड्यात जाऊन ‘हे किल्ल्यातलं तळं राणीचं होतं का?’ असं विचारलं, तर ‘होय’ हेच उत्तर मिळतं.

माझा कल दुसरीकडे आहे. कारण कान्हेरीच्या या कथेत बुद्धाचं नाव नाही, स्तूप नाही, भिक्षूसंघ नाही. आहे तो महाल आणि बाप. हे जोसाफातच्या गोष्टीचं ठसठशीत अंग आहे. आणि जी लेणी भिक्षूंच्या झोपायच्या ओट्यांनी भरलेली आहेत, त्यांना महाल म्हणायला डोंगर जवळून न पाहणाराच पाहिजे.

पण म्हणून तपस्व्यांच्या सगळ्याच कथा बाहेरून आल्या असं नाही. वसईच्या खाडीपलीकडच्या सोपाऱ्याची एक जुनी बौद्ध कथा आहे. पूर्ण नावाचा तिथला व्यापारी भिक्षू होतो. तो चंदनाचा विहार उभारतो आणि बुद्धाला बोलावतो. बुद्ध श्रावस्तीहून आकाशमार्गे येताना वाटेत मुसलक डोंगरावर वक्कली नावाचा ऋषी भेटतो आणि शिष्य होतो. १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप खणणारे भगवानलाल इंद्रजी यांनी हा मुसलक म्हणजे साष्टीतलीच आकुर्लीजवळची पडण टेकडी असावी असा अंदाज मांडला. तिथल्या कातळावर कोरलेली पावलं आणि छोटे लेख त्यांना मिळाले होते. आकुर्ली म्हणजे आजच्या कांदिवली पूर्वेचा भाग. म्हणजे या बेटावर ऋषी राहतात ही कल्पना पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीची आहे.

दीडशे वर्षांचा जोगी

पोर्तुगीज आले तेव्हा बौद्ध भिक्षू कधीच गेले होते, पण लेणी रिकामी नव्हती. कान्हेरीत आणि बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात जोगी राहत होते. त्यांतल्या एकाचं वय दीडशे असल्याचं पोर्तुगीज वृत्तान्त सांगतो. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु दो पोर्तु याने मंडपेश्वरावर चर्च उभारलं, कान्हेरीच्या मोठ्या चैत्याचंही चर्च केलं, जोग्यांपैकी काहींना ख्रिस्ती केलं.

जोगी खरे, यात शंकेचं कारण नाही. त्यांना हुसकणाऱ्यानेच ती नोंद केलीय आणि त्यात खोटं बोलून त्याचा काही फायदा नव्हता. वयाचं मात्र वेगळं. जन्मतारीख न ठेवणाऱ्या समाजात वय हा आकडा नसतो, मान असतो. ‘दीडशे वर्षांचे बाबा’ याचा अर्थ ‘आमच्या आजाला आठवतात तसेच हे आहेत’. त्यात गुरूनंतर चेला तीच जागा, तोच वेश आणि पुष्कळदा तेच नाव चालवतो. तीन माणसांची आयुष्यं एकाच्या खात्यावर जमा होतात. आणि पाद्र्यालाही एवढा जुना जोगी बाटवल्याची गोष्ट लिस्बनला कळवायला बरी वाटली असेलच!

भुयार

याच आंतोनियुबद्दल दुसरी कथा आहे. तो माणसं, शिधा, पाणी घेऊन कान्हेरीच्या भुयारात शिरला, सात दिवस चालला आणि शेवट न लागल्याने परतला.

दिवसाला फक्त १० किलोमीटर धरले तरी सात दिवसांत ७० होतात. साष्टीची दक्षिणोत्तर लांबी जेमतेम २५-३० किलोमीटर. म्हणजे भुयार खाडीच्या तळाखालून जायला हवं, आणि भेगाळ खडकातून खाडीखाली गेलेलं भुयार पाण्याने भरून जातं. खंबायत सरळ रेषेत ३५० किलोमीटरवर आहे. दीड मीटर रुंद, दोन मीटर उंच बोगदा धरला तरी दहा लाख घनमीटरहून जास्त दगड निघाला असता. तो टाकला कुठे? चुनखडीच्या प्रदेशात पाणी दगड विरघळवून मैलोन्‌मैल नैसर्गिक गुहा करतं. कान्हेरीचा ज्वालामुखीचा खडक तसा विरघळत नाही.

मग लोकांना भुयार दिसलं कुठे? आटलेल्या पोढीत कंदील घेऊन उतरलं तर ती जमिनीखाली आडवी, अंधारात जाताना दिसते. तोंड लहान, पोट मोठं! टाकं वाचता येत नसेल तर ते भुयारच वाटणार.

एका रात्रीत

पांडवांची रात्र महाराष्ट्रात जिथे-तिथे आहे, कान्हेरीपुरती नाही. तिचा उपयोग एकच: अर्धवट काम समजावणं. कोंबडा आरवला, उजाडलं, पांडव उठून गेले, काम तसंच राहिलं.

कान्हेरीत पहिल्याच क्रमांकाचं लेणं असं अपुरं आहे. अपुरी लेणी अभ्यासकाला पुऱ्यांपेक्षा जास्त शिकवतात. काम वरून खाली चाललं, हे तिथेच कळतं. आधी दर्शनी कातळ उभा तासायचा, मग वरच्या बाजूने आत शिरून छत पुरं करायचं, मग पायाखालचा दगड काढत खाली यायचं. त्यामुळे परांची बांधायची गरज नाही, आणि पुरं झालेलं छत पुन्हा खराब होत नाही. काम थांबलं की वर गुळगुळीत छत आणि खाली न फोडलेला दगड, असं दृश्य उरतं. थांबण्याची कारणं कोंबड्यापेक्षा रुक्ष: दाता मेला, पैसे संपले, भेग लागली.

बघायला जाल तेव्हा

सोमवारी बंद असतं. पावसाळ्यात गेलात तर उत्तम, कारण तेव्हा पन्हळी वाहताना दिसतात आणि कुठल्या कातळाचं पाणी कुठल्या टाक्यात जातं ते डोळ्यांनी कळतं. चैत्य, म्हणजे ३ क्रमांकाचं लेणं, सगळेच बघतात. त्याचा काळ सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचा, आत ३४ खांब. तिथे गर्दी असेल तर पायऱ्या चढून वर जा. कातळातल्या या पायऱ्या एका लेण्यातून दुसऱ्याकडे नेतात, गल्लीबोळांसारख्या. कोणत्याही साध्या विहारात दोन गोष्टी शोधा: आतला झोपायचा ओटा आणि बाहेरचं टाकं. निर्वाणवीथी म्हटल्या जाणाऱ्या भागात विटांच्या लहान स्तूपांचे अवशेष ओळीने आहेत. वस्तीत मेलेल्या थोर भिक्षूंची ही स्मारकं. इतके स्तूप लागावेत इतके लोक इथे जगले आणि मेले.

जमलं तर ९० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत चढा. तिथे दगडावर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी, लिपीत ओळी खोदल्यात. इ. स. १००९ मध्ये दोनदा आणि १०२१ मध्ये एकदा पारशी मंडळी इथे येऊन गेली. त्यांनी तारीख घातली आणि बापाच्या नावासकट आपापली नावं लिहिली. ‘आम्ही इथे येऊन गेलो’, बाकी काही नाही. तोवर तपस्व्यांचा डोंगर सहलीची जागा झाला होता.